मोठ्या चाकांची खुर्ची

लासूर स्टेशन
४ ऑगस्ट २०२५

ती. आवडाआत्यास सोमनाथचा नमस्कार.

फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, मी ओरडतो, तू नुसतं 'बरं बरं' म्हणतेस, आणि फोन ठेवल्यावर दोघांनाही काय ठरलं ते माहीत नसतं. म्हणून हे पत्र. तसाही माझ्याकडं वेळ भरपूर आहे आणि हातांना काही झालेलं नाही.

पोत्यांच्या थप्पीवरून पडलो त्याला आठ महिने झाले. कमरेखाली काही कळत नाही, ते तसंच आहे. डॉक्टरांनी 'हळूहळू सुधारेल' म्हणणं आता सोडलंय. तुला खरं सांगतो, तेव्हापासून घरात बरं वाटतंय. रूपा रोज माझ्या अंगठ्याकडं टक लावून बघायची, हलतो का म्हणून. आता बघत नाही. पडून पडून पाठीवर झालेली जखमही भरली.

मुद्द्याचं लिहितो. मार्केट यार्डातल्या मापाड्यांच्या टोळीनं माझी जागा अजून धरून ठेवलीय. आमचे मुकादम मोतीरामकाका माझ्या पाळीला दुसऱ्याला उभा करतात. पण टोळीचा जुना रिवाज तुला माहीत आहे. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी पुढच्या वर्षाच्या पाळ्या लागतात, आणि त्या वेळी जो काट्यापाशी स्वतः हजर असतो त्याचंच नाव धरतात. निरोप चालत नाही, घरचं माणूस चालत नाही. पाडव्याला मी तिथं नसलो तर वीस वर्षांची जागा गेली.

काट्याचं काम डोळ्यांचं, हातांचं आणि आवाजाचं आहे. आकडा बघायचा, मोठ्यानं पुकारायचा, काटापट्टी लिहायची. बसून होण्यासारखं. प्रश्न तिथपर्यंत जाण्याचा आहे. शेजारचा कडूबा गंगापूरला जाऊन व्हीलचेअरची किंमत विचारून आला आणि ती त्यानं मला दोन दिवस सांगितलीच नाही. तू शहरात आहेस. जुनी, वापरलेली, कशी का असेना, एखादी मिळाली तर बघ.

तुझा
सोमनाथ


सिडको, छत्रपती संभाजीनगर
९ ऑगस्ट २०२५

चि. सोमनाथ,

आज राखीपौर्णिमा. तुझा बाप असता तर आज लासूरला आले असते. तो नाही, म्हणून तुला लिहिते आहे.

तुझ्या पत्रातलं 'कशी का असेना' मी पेनानं खोडलं आणि मगच पुढं वाचलं. मागताना माणसानं इतकं वाकू नये. ज्या मापाड्यानं वीस वर्षं शेतकऱ्याचा माल खरा तोलला त्याला घराबाहेर पडायला चाकं लागली, तर ती मिळवून देणं हे समाजाचं काम आहे. समाज म्हणजे तूर्तास मी.

चार दिवस हिंडले. मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला सर्जिकलची दुकानं ओळीनं आहेत. काचेमागं खुर्च्या अशा मांडल्यात की सराफाच्या दुकानात आल्यासारखं वाटावं. नवीची किंमत विचारली, मग भाड्याचा दर विचारला. भाडं महिन्याला, अनामत वेगळी. मी दुकानदाराला म्हणाले, बाबा, माणसाचे पाय काय महिन्याच्या बोलीनं जातात? तो म्हणाला, मावशी, या गाळ्याचं भाडं मीपण महिन्यालाच भरतो. त्याचंही खरं होतं. शिबिराची चौकशी केली. तिथं फुकट मिळते, तुझं दिव्यांग प्रमाणपत्र आहेच, अर्ज भरून टाकलाय. पण शिबिर दिवाळीनंतर कधीतरी, आणि तुझा पाडवा कुणासाठी थांबणार नाही.

दमून घरी आले, पाण्याची टाकी बघायला गच्चीवर चढले, आणि आजूबाजूच्या गच्च्या मला पहिल्यांदा दिसल्या. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत तीस वर्षं काढली, दारोदार फिरले, पण वर कधी बघितलं नव्हतं. एका गच्चीवर प्लास्टिकखाली दवाखान्यातली लोखंडी खाट. पलीकडं वॉकर. त्याच्या शेजारच्या गच्चीवर शौचाची खुर्ची, तिच्यात कुणीतरी तुळस ठेवलेली. आपल्याकडं माणूस गेला की त्याची खाट घरात ठेवत नाहीत, वर नेऊन टाकतात. कुणाला द्यावी तर गेलेल्याची वस्तू दिली म्हणून घेणारा रागावेल, ही देणाऱ्याला भीती. मागावी तर घरच्यांच्या जखमेवर बोट पडेल, ही घेणाऱ्याला भीती. दोन भल्या माणसांच्या संकोचात चांगलं लोखंड गंजतंय, आणि खाली रस्त्यावर तीच वस्तू भाड्यानं मिळतेय. मला हे सहन होत नाही. उद्यापासून दारं वाजवते.

तुझी
आवडाआत्या


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२२ ऑगस्ट २०२५

चि. सोमनाथ,

आज पोळा. बैलांना आज जुवाखालून सुट्टी, आणि तुझी सुट्टी आता संपली. खुर्ची मिळाली.

अकराव्या दारात मिळाली, आणि ते दार माझ्या अख्तरी आपाचं निघालं. रोशन गेटची अख्तरी, माझ्याच संघटनेतली. तिच्या सासऱ्यांची खुर्ची. ते जाऊन तीन वर्षं झाली. घरात चार नातू. म्हाताऱ्यानं नुसतं दाराकडं बघायचा अवकाश, दोघं ढकलायला हजर. मी भीत भीत विषय काढला. अख्तरी म्हणाली, "आवडा, ये खुर्सी तीन साल से मेरेकू देख रही और मैं उसकू देख रही. लेके जाव." पैशाचं नाव काढलं तर चहा काढून घेईन म्हणाली.

खुर्ची बघितलीस की तुझे डोळे फिरतील. रुंद पाठ, जाड गादी, हात टेकायला गुळगुळीत लाकूड, खाली चार लहान पण भक्कम चाकं. राजानं बसावं अशी. उद्या मोईनच्या जीपच्या टपावर बांधून पाठवते. मोईन लासूरचाच, नीट उतरवून देईल.

आता मला एकच बातमी हवी, यार्डात गेल्याची.

तुझी
आवडाआत्या


लासूर स्टेशन
२८ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास नमस्कार.

खुर्ची पोचली. मोईननं टपावरून उतरवली तेव्हा अर्धी गल्ली गोळा झाली होती. रूपानं हळदकुंकू लावलं, हार घातला. गेलेल्या माणसाची म्हणून कुणीही नाक मुरडलं नाही. उलट गादीला हात लावून लावून बघत होते. अख्तरी आपांना माझा सलाम सांग.

काल गणपती बसले. घरात येणंजाणं वाढलंय. खुर्ची दिवसभर रिकामी राहत नाही. सगळे तुझं नाव काढतात.

यार्डाकडं जाईन लवकरच. या वर्षी पाऊस उघडीप देत नाही, रस्त्यात चिखल आहे. तू काळजी करू नकोस आणि आता दारं वाजवत हिंडू नकोस. तुझे गुडघे दुखत असतील.

तुझा
सोमनाथ


सिडको, छत्रपती संभाजीनगर
१७ सप्टेंबर २०२५

चि. सोमनाथ,

आज मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंड्याला जाऊन आले आणि तशीच लिहायला बसले, तेव्हा थोडा आवाज चढलेला असेल. चढू दे.

परवा मोईन भेटला. म्हणाला, सोमनाथभाई यार्डात काय, गल्लीच्या तोंडालाही दिसले नाहीत. तीन आठवडे झाले खुर्ची येऊन. तू चिखलाचं कारण लिहिलंस. चिखलातून बैलगाड्या येतात, शेतकरी येतो, त्याचा माल येतो. तूच तेवढा येत नाहीस.

खरं कारण मला कळतं. तुला लाज वाटते. ज्या गावानं तुला थप्पीवर ताठ उभं राहून आकडे पुकारताना पाहिलं, त्यानं तुला खुर्चीत बघू नये असं तुला वाटतं. सोमनाथ, डोळ्याला काच लावली की माणूस विद्वान दिसतो आणि पायाला चाक लावलं की बिचारा होतो, हे कुणी ठरवलं? माझ्या कानात यंत्र आहे. मोर्चात हजार बायकांसमोर मी ते काढते, पदराला पुसते, बॅटरी बदलते, परत घालते आणि पुढं बोलते. एकही बाई उठून गेली नाही. लाज वाटायचीच असेल तर ती ज्यांनी यार्डात थप्पी नीट लावली नाही त्यांना वाटू दे. ज्यांनी गावभर पायऱ्याच पायऱ्या बांधल्या त्यांना वाटू दे. तू कुणाचं काय चोरलंयस?

आपल्या लोकांना मी आयुष्यभर हेच सांगत आले की कुणी हात धरून नेईल याची वाट बघू नका. माझ्याच भावाचा मुलगा घरात बसून राहिला तर मी कुठल्या तोंडानं बोलू? हे पत्र वाचून झालं की खुर्चीत बस आणि दाराबाहेर पड.

आत्या


लासूर स्टेशन
२१ सप्टेंबर २०२५

आत्याबाईंना रूपाचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी त्यांना न सांगता लिहिते. लिहायची सवय नाय, चुकलं तर समजून घ्या.

तुमचं पत्र वाचून ते दिवसभर जेवले नायत. तुम्ही रागावला, पण ज्याच्यावर रागावला त्याची चूक नाय. त्या खुर्चीची चाकं लहान हायेत. बसलेल्या माणसाचा हात तिथपर्यंत पोचतच नाय. ती ढकलायची खुर्ची हाय. मागं माणूस असला तर हलती, नसला तर हा आपला पलंग आन् ती खुर्ची सारखीच. मी सकाळी कांद्याच्या चाळीवर कामाला जाते, कडूबा भावजी सातला जातात. ढकलणार कोण? ते म्हणतात, पाडव्याला कुणीतरी ढकलत नेईल, पण टोळीतली माणसं विचारतील की रोज कोण आणणार. ढकलणारा एक दिवस आला नाय तर काटा बंद पडंल. शेतकरी गाडी घेऊन ताटकळंल. असा मापाडी कोण ठेवतो?

आन् माणूस बसलेला असला की ती दारातून निघत पण नाय. आमची चौकट अरुंद. कडूबा भावजींनी ह्यांना बसवून तिरकी करून काढायला बघितली तर भावजींचे हात सोलले. मोईनभाईनं उतरवली त्या दिवशी घडी करून आत आणली होती, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाय.

मग ती घरातच राहिली. आता तुम्ही हसाल. आमच्या घरात दुसरी खुर्ची नाय. आल्या माणसाला खाली कसं बसवायचं? ते स्वतःच म्हणतात, बसा, खुर्चीवर बसा. गणपतीत सरपंच येऊन बसले. पतसंस्थेचे साहेब बसले. माझे मामा तर तिच्यात झोपलेच. धडधाकट माणसं चाकाच्या खुर्चीत आन् हे खाटेवर. खुर्चीत बसून सगळे त्यांना सांगून गेले की हिंमत धरा. खुर्ची रिकामी राहत नाय असं त्यांनी तुम्हाला लिहिलं, ते खोटं नव्हतं.

तुम्हाला कळवा म्हणून मी लई सांगितलं. ते म्हणाले, या वयात अकरा दारं वाजवून आणली तिनं, तिच्या हातचं नको कसं म्हणायचं.

आणखी एक सांगते. तुम्ही दोघं पत्रात यार्ड यार्ड करता. मला कुणी विचारलं नाय. यार्डाच्या आधी सकाळ येती. रोज पहाटं मी आन् कडूबा भावजी त्यांना उचलून मोरीपाशी नेतो. ते डोळे मिटून घेतात. भावजी भिंतीकडं बघतात. माझी कंबर आता वाकल्यावर सरळ होत नाय. तुमच्या पत्रात तुळस ठेवलेली शौचाची खुर्ची होती. ती वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाय. तीच पाहिजे मला.

तुमची
रूपा


सिडको, छत्रपती संभाजीनगर
२५ सप्टेंबर २०२५

चि. सोमनाथ आणि चि. रूपा,

रूपाचं पत्र उघड करते आहे, रूपा, माफ कर. या घरात आता झाकून ठेवण्यासारखं काही उरायला नको.

तीस वर्षं मी एकच भाषण वेगवेगळ्या गावांत दिलं. वर बसून आमच्यासाठी ठरवू नका, ज्याच्या अंगावर पडतंय त्याला आधी विचारा. टाळ्या भरपूर घेतल्या. आणि घरच्या माणसासाठी खुर्ची आणताना त्याला एक शब्द विचारला नाही. हात धरून नेणाऱ्याची वाट बघू नका म्हणाले, आणि दुसऱ्यानं ढकलल्याशिवाय न हलणारी खुर्ची पाठवली. वर, हलली नाही म्हणून लाज काढली. चुकले. दुसरा शब्द नाही.

सोमनाथ, तू मात्र लिहायला हवं होतंस. माझा मान राखण्यासाठी पाहुण्यांना माझ्या खुर्चीत बसवलंस. असला मान मला पुन्हा देऊ नकोस.

रूपा, तुझी वस्तू या पत्राच्या आधीच निघालीय. ती तुळसवाली खुर्ची समोरच्या प्रेरणाच्या आईची. पोरगी कंपनीत इंजिनिअर आहे. मी दारात उभी राहून सांगायला सुरुवात केली, आणि माझं वाक्य संपायच्या आत ती वर गेली. तुळस कुंडीत लावली. खुर्ची स्वतः घासली, दोन उन्हं दाखवली. म्हणाली, आई गेल्यापासून वाटत होतं कुणीतरी मागावी. उंची खालीवर होते, त्याच्या पिना पाकिटात घातल्यात.

आता मोठ्या चाकांच्या खुर्चीचं. शहागंजात फारूखभाई म्हणून सायकलीचे मिस्त्री आहेत. जुन्या सांगाड्यांना सायकलीची चाकं बसवून व्हीलचेअरी करून देतात. स्वतःच्या बहिणीसाठी पहिली केली, मग लोक यायला लागले. मी ऐटीत तुमच्या दाराचं माप आणते म्हणाले. त्यांनी पाना खाली ठेवला. "आपा, दरवाजा बाद में. पैले बैठनेवाले का नाप लाव. उसकू पूछो, कां जाना है." माझ्या तीस वर्षांच्या भाषणाचा अर्थ त्यांनी एका ओळीत सांगितला.

तेव्हा विचारते. बसल्यावर कमरेपाशी रुंदी किती? गुडघ्यापासून टाचेपर्यंत किती? हात खाली सोडला की बोटं कुठं येतात? चौकटीची आतली रुंदी? कोणत्या खांद्यात जोर जास्त? यार्डात जमीन कशी, काट्यापर्यंत चढ आहे का? टेप लावून मोज, वितीनं नको. आणि मी विचारलं नाही असं काही राहिलं असेल तर तेही लिही.

तुमची
आवडाआत्या


लासूर स्टेशन
३० सप्टेंबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

रूपानं लिहिलं ते मला तुझ्या पत्रातून कळलं. अर्धा दिवस रागावलो. मग मोईन शौचाची खुर्ची घेऊन आला आणि राग विसरलो.

तुला हे लिहायला संकोच वाटतो, पण तूच झाकू नकोस म्हणालीस. आम्ही ती खाटेला खेटून लावतो. मी हातांवर जोर देऊन स्वतः सरकतो. मग रूपा बाहेर चहा ठेवते. नऊ महिन्यांनी परवा सकाळी मी आतून दार लोटून घेतलं. बाहेरून कपबशीचा आवाज येत होता आणि आत मी एकटा होतो. रूपा म्हणाली, "झालं की हाक मारा." मी मुद्दाम उशिरा हाक मारली.

आता मापं. कमरेपाशी पंधरा इंच. रूपानं टेप लावला आणि म्हणाली, लग्नात याच्या दुप्पट दिसत होतात. गुडघ्यापासून टाचेपर्यंत सतरा. हात सोडला की बोटं बैठकीच्या पाच इंच खाली येतात. चौकट आतून साडेचोवीस. उंबरा दोन इंच, पण कडूबा म्हणतो शहाबादी फरशीचा तुकडा लावून दोन्ही बाजूंनी उतार करून देतो. उजव्या खांद्यात जोर जास्त. यार्डात वाळलेल्या दिवशी कडक माती, ओल्या दिवशी चिखल. काटा ओट्यावर आहे, आणि ओट्याला हातगाड्या चढवायला सिमेंटचा उतार आहे. तो मला चढेल की नाही माहीत नाही.

तू विचारलं नाहीस ते हे. मी सलग पाऊण तास बसू शकतो. त्यापुढं बसलो तर खालची कातडी लाल होते, मला दुखत नाही म्हणून कळतही नाही, आणि पुन्हा जखम झाली की पुन्हा चार महिने पालथं पडायचं. लिलाव चार तास चालतो. याची मला लाजेपेक्षा जास्त भीती आहे. लाजही थोडी होती, आत्या. तू सगळंच चुकीचं लिहिलं नव्हतंस.

तुझा
सोमनाथ


सिडको, छत्रपती संभाजीनगर
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सोमनाथ,

खुर्ची उद्या मोईनच्या जीपनं येते. या वेळी ती कशी आहे हे मी सांगत नाही, तू मला सांग. कुठून आली तेवढं सांगते. सांगाडा एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या भंगारातला. फारूखभाईंनी तो कापून अरुंद केला, पुन्हा जोडला. मागची चाकं सायकलीची, टायर जाड, मातीवर रुतू नयेत म्हणून. चाकाला बाहेरून एक कडी आहे, ती हातानं ढकलायची. बाहेरून बाहेरपर्यंत तेवीस इंच. झाल्यावर ते स्वतः तिच्यात बसले आणि शहागंजच्या गर्दीतून दोन फेऱ्या मारून आले. कामाची मजुरी रोख घेतली. मला ते आवडलं. उपकार म्हणून केलेली वस्तू बिघडली तर तक्रार करता येत नाही. ही बिघडली तर तू हक्कानं भांड.

तुझ्या भीतीबद्दल मी दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंना विचारलं. हवेची गादी सोबत आहे. फार फुगवू नकोस, बसल्यावर ती बोटभर दाबली गेली पाहिजे. दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं आणि मनात साठपर्यंत मोजायचं. दर तासाला बाजूला रेलून थोडं थांबायचं. संध्याकाळी रूपानं आरसा धरून कातडी बघायची. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढव. पाडव्याला आठ दिवस आहेत. चार तास एकदम झाले नाहीत तर मधे घरी जाऊन आडवा हो आणि परत ये. मापाडी जेवायला जातातच की.

अख्तरीची खुर्ची मोईनकडं परत दे. ती गंगापूरला दगडाबाईंकडं जाणार आहे. घरात तीन मुलगे, तीन सुना, आणि म्हातारीला कुणीतरी मागून बोलत बोलत नेलेलंच आवडतं. मी या वेळी विचारून घेतलं. अख्तरीला वाईट वाटेल म्हणून तिला सांगायला घाबरत होते. ती म्हणाली, उस में बुरा क्या मानना, जिसकी बैठक उसकू. एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि मी तिलासुद्धा नीट ओळखलं नव्हतं.

पाडव्याला मी येणार नाही. तू जा.

तुझी
आवडाआत्या


लासूर स्टेशन
२३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास नमस्कार.

काल पाडवा झाला. रूपानं ओवाळलं. सातला निघालो. कडूबा सोबत चालत होता, पण शेजारून, गप्पा मारत. चौकटीतून निघताना दोन्ही बाजूंना बोट बोट जागा राहिली. गल्लीत दोन ठिकाणी चाक रुतलं आणि मागंपुढं करून मीच काढलं. तळहाताला फोड आलाय. तो बघायला मला बरं वाटतं.

ओट्याच्या उतारावर दोनदा अर्ध्यातून खाली आलो. टोळी वरून बघत होती. मग मी कडूबाला म्हणालो, लाव रे हात. त्यानं लावला आणि वर पोचल्यावर काढून घेतला. यात मला काही कमीपणा वाटला नाही, आत्या. पोतं चढवतानाही आम्ही एकमेकांना असंच म्हणतो.

मोतीरामकाकांनी नावं घ्यायला सुरुवात केली. माझं नाव आलं तेव्हा ते कागदावरून मान वर न करता म्हणाले, सोमनाथ. मी म्हणालो, हजर. त्यांनी पुढचं नाव घेतलं. बस, एवढंच. पहिली पाळी मला लागली.

पहिल्या तासात चार वेळा अंग उचललं. लोकांना वाटलं, आकडा बघायला उठतोय. मक्याच्या गाड्या होत्या. फर्दापूरहून भाच्याकडं आलेला एक म्हातारा शेतकरी माझ्या बाजूला उभा होता, त्याच्या भाच्याचा माल काट्यावर आला. पन्नास किलो दोनशे ग्रॅम. मी पुकारलं. व्यापारी म्हणाला, पोत्यामागं एक किलो कमी धर, ओल आहे. मी म्हणालो, ओलीचं तुम्ही भावात बघा, पट्टीवर काट्याचाच आकडा पडेल. पूर्वीही आमचं यावरून वाजायचं. तो पुढं आला आणि सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असं ओरडला, "दहा महिने झोपून आलास, तरी तुझा माज गेला नाही का रं?"

कडूबाचा चेहरा पडला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, आता याला लागलं असेल म्हणून.

मी म्हणालो, "शेठ, पाय गेलेत. काटा तोच आहे."

मग त्यानं एक शिवी दिली आणि मी तिच्यापेक्षा मोठी दिली. मोतीरामकाका धावत आले आणि आम्हा दोघांवर सारखेच ओरडले. पट्टीवर पन्नास किलो दोनशे ग्रॅमच पडलं.

आत्या, दहा महिन्यांत माझ्याशी कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. जो येईल तो दवाखान्यात बोलल्यासारखा हळू बोलायचा. गल्लीतली पोरं माझ्या खिडकीपाशी आली की त्यांना आया गप्प करायच्या. काल पहिल्यांदा एक माणूस माझ्याशी मनापासून भांडला.

दुपारी घरी येऊन आडवा झालो. रूपानं आरसा धरला, कातडी ठीक होती. तिला भांडणाचं सांगितलं तर ती म्हणाली, पहिल्याच दिवशी कशाला तोंड लावलंत. मी म्हणालो, त्यानं आधी लावलं. ती पुन्हा म्हणाली, तरी पण. असं आमचं जेवण होईपर्यंत चाललं. मग दोन वाजले, आणि मी परत काट्यावर गेलो.

तुझा
सोमनाथ